रील भट्टीची, फोन भलत्यांचे

उद्यमबागमधल्या एका फौंड्रीवाल्या काकांनी मला बोलावलं ते खरं तर भांडण मिटवायला. मी बेळगावातल्या लहानमोठ्या धंद्यांचं ऑनलाइन मार्केटिंग बघतो. घरातली भांडणं मिटवणं त्यात न सांगता येतंच. काकांचा पुतण्या इन्स्टाग्रामवर रील्स टाकत होता. भट्टीतला लालभडक रस लाडलमधून साच्यात ओतताना, मागं ढोलताशा. एक रील लाखाच्या वर गेलेली. बूस्ट करायला, म्हणजे पैसे भरून रील जास्त लोकांपुढं न्यायला, त्याला दरमहा पैसे हवे होते. काकांना कुणीतरी सांगितलेलं, "एसईओ करा, वेबसाइट गुगलच्या शोधात वर येईल." पैसे एकालाच पुरतील एवढे.

"व्ह्यूज आले खरं, ऑर्डर कुठाय?" काका म्हणाले.

मी आधी एन्क्वायरीचं रजिस्टर मागितलं. असल्या वादात मला मोबाईलपेक्षा वहीवर जास्त भरवसा. पंप आणि व्हॉल्व्ह बनवणारी पुण्याकोल्हापूरची गिऱ्हाइकं, बहुतेकांपुढं 'अमक्यांनी नंबर दिला' असा शेरा. मधूनच एखाद्या नावापुढं 'गुगल'.

मग वेबसाइटचं सर्च कन्सोल उघडलं, म्हणजे गुगलवर काय शोधल्यावर साइट दिसते ते दाखवणारं गुगलचं साधन. त्यात मागच्या सोळा महिन्यांचा हिशेब राहतो. लोक शोधत होते 'एफजी २६० कास्टिंग', 'एसजी आयर्न फौंड्री', म्हणजे ओतीव लोखंडाच्या प्रकाराचं, ग्रेडचं नाव घेऊनच. गावाचं नाव कुणी बेळगाव टाकलेलं, कुणी बेळगावी. सरकारी नाव २०१४ च्या नोव्हेंबरात बदललं, पण पुण्यातल्या परचेसवाल्याची बोटं अजून जुन्याच वळणाची. काकांची साइट या शोधांत दिसत होती, पण पार तिसऱ्या-चौथ्या पानावर; क्लिक जवळपास नाहीतच. कारण समोरच होतं. पानाचं शीर्षक नुसतं 'होम'. कुठल्या ग्रेडचं, किती किलोपर्यंतचं कास्टिंग होतं, मशीनिंग करून मिळतं का, हे सगळं ब्रोशरचा फोटो काढून चिकटवलेलं. गुगलनं वाचावं असं पानावर अक्षर नव्हतं. शिवाय नकाशावरच्या नोंदीत फोन नंबर जुना.

रीलचे आकडे बघितले तर प्रेक्षक बहुतेक अठरा ते चोवीसचे. सांगली, कोल्हापूर, हुबळी. यातलं कोण पंपाच्या बॉडीची ऑर्डर देणार? मी तसं म्हणणार, तेवढ्यात पुतण्या चिडून म्हणाला, "मेसेज तर ढीग येतात, पण सगळे फालतू."

दाखव म्हटलं. 'दादा, मोल्डिंगला माणूस लागतोय काय?' 'आयटीआय फिटर झालोय, शिफ्ट किती तासांची?' 'राहायची सोय आहे का?' खाली खाली सरकवत गेलो तरी हेच.

काकांनी चष्मा लावून मोबाईल हातात घेतला. मोल्डर, म्हणजे साचे तयार करणारे कामगार, मिळत नाहीत म्हणून त्यांची एक लाइन कधीची अर्धी बंद होती आणि ठेकेदाराकडं खेटे चाललेले. पुतण्याला हे मेसेज कचरा वाटत होते, कारण तो ऑर्डर मोजत होता. "हे सांगायला काय झालतं रे तुला?" काकांचा आवाज असा चढला की बाहेरचा ग्राइंडिंगवाला डोकावून गेला. त्याच संध्याकाळी दोघांना फोन गेले.

त्यानंतर वाद फार राहिला नाही. पैसे वेबसाइटला : प्रत्येक ग्रेडचं वेगळं पान, वजनाची मर्यादा, ड्रॉइंग पाठवायची सोय, गावाची दोन्ही नावं, नकाशावर चालू नंबर. रील्स चालू राहतील, बूस्ट नाही. फक्त 'मोल्डर पाहिजेत' ही ओळ मराठी, कन्नड आणि हिंदीत. एसईओचा परिणाम दिसायला चार महिने ते वर्ष जातं, असं गुगलचीच माणसं सांगतात. ते ऐकून काकांनी तोंड वाकडं केलं. "तवर?" तवर जुनी गिऱ्हाइकं आहेतच की.

वडगावात साड्या विकणाऱ्या एका ताईंना मी नेमकं उलटं सांगितलंय. नवा काठ नजरेला पडल्याशिवाय तो कुणी गुगलवर शोधायला जात नाही. तिथं इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप स्टेटसच चालतं. कास्टिंग शोधणाऱ्या इंजिनिअरच्या हातात मात्र ड्रॉइंग तयार असतं, त्याला ढोलताशा नको, ग्रेड हवी.

ब्रोशरमधली ग्रेडची यादी टाइप करायचं काम पुतण्याच्याच गळ्यात पडलंय. ऑर्डरींचं काय होतं ते कळायला दिवाळी उजाडेल. मोल्डरांतले दोघे मात्र रुजू झालेत, एक निपाणीचा, एक गोकाककडचा.