जिथं आपला गलाईवाला, तिथं आमची टूर

विट्यात टूरचा धंदा म्हणलं की लोकांचे प्रश्न ठरलेले, अष्टविनायक किती, बालाजी किती, आणि जेवण आपलं का तिकडचं. आम्ही पण सुरुवात तिथूनच केली, त्यात लाजायचं काही नाही. मिस्टरांची सतरा सीटची टेम्पो ट्रॅव्हलर, लग्नसराईत वऱ्हाड, श्रावणात ज्योतिबा-नरसोबाची वाडी-औदुंबर, मे महिन्यात कोकण. गाडी रिकामी नसायची पण हातात काही राहायचं नाही, कारण शेजारच्यानं किलोमीटरला पन्नास पैसे कमी म्हणलं की गिऱ्हाईक तिकडं.

आता बाहेरच्या माणसाला आमच्या भागाची गोष्ट थोडी सांगावी लागेल. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ हा सगळा सांगली जिल्ह्यातला दुष्काळी पट्टा. शेतावर भागेना म्हणून इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या सोन्याचांदीच्या गलाईला बाहेर पडली. जुने दागिने मुशीत वितळवायचे, तेजाबात शुद्ध करायचे, टंच म्हणजे सोन्याची शुद्धता काढून द्यायची, असं काम. आज केरळात जा नाहीतर यूपीत, सराफ गल्लीच्या मागच्या बोळात एक भट्टी आपल्या माणसाची निघतेच. माझं माहेर त्यातलंच. मूळ गाव विट्याजवळ पण माझा जन्म तमिळनाडूत, पुदुकोट्टाईला. शाळेत तमिळ, घरात मराठी, आणि ताटात गावाकडनं आलेल्या शाळूची भाकरी. लग्न होऊन विट्यात आले तेव्हा सासूबाई सगळ्यांना सांगायच्या, सून मद्रासची आहे, आणि बायका मला बघायला यायच्या.

तर झालं असं की रामेश्वरची एक ट्रिप ठरली, गाडीनंच. त्रिचीहून रामेश्वरला जाताना पुदुकोट्टाई वाटेतच लागतं, म्हणून दादानं सगळ्यांना मुक्कामाला बोलावलं. वहिनीनं भाकरी आणि सांबार दोन्ही केलं. दुसऱ्या दिवशी दादा म्हणाला, रामेश्वर काय पळून जात नाही, आधी माझ्याबरोबर कराईकुडीला चला. ट्रिपहून परत आल्यावर लोक रामेश्वरचं कमी आणि कराईकुडीचंच जास्त सांगायला लागले. त्यातल्या एकीनं तर फोन करून विचारलं, तुमच्या भावाला अजून काय काय माहिती आहे? आमची खरी फर्म तिथनं सुरू झाली असं मी धरते, बोर्ड नंतर लागला.

कराईकुडी म्हणजे चेट्टिनाड. इथल्या चेट्टियार लोकांनी बर्मा, मलाया, सिलोनमधे व्यापार करून पैसा आणला आणि एका रस्त्यापासून मागच्या रस्त्यापर्यंत लांब असे वाडे बांधले, खांबांना बर्माचं सागवान, भिंती चुन्याच्या, अंड्याचा पांढरा बलक घालून आरशासारख्या घोटलेल्या. आता बरेचसे कुलूपबंद असतात. किल्ली कुणाकडं आहे ते मात्र दादाला माहीत, कारण त्या घरातल्या आजीचं सोनं आमच्या भट्टीवर आलेलं असतं! हे कुठल्या ऑनलाइन बुकिंगमधे बसत नाही.

जवळच आतंगुडी गाव, तिथं फरशा अजून हातानं करतात. पत्र्याच्या शेडखाली माणूस मांडी घालून बसतो, समोर काचेचा तुकडा ठेवतो, त्यावर नक्षीचा लोखंडी साचा, आणि पळीनं प्रत्येक खणात रंगीत पातळ सिमेंट ओततो, लाल, पिवळं, हिरवं. साचा उचलला तरी रंग एकमेकांत मिसळत नाहीत. मग वर कोरडं सिमेंट-वाळू भुरभुरवायचं, त्यावर ओला माल दाबायचा, वाळलं की पाण्याच्या टाकीत. काच शेवटी सुटून येते आणि फरशीला चकाकी. आमच्यात विट्याचे एक गवंडी होते, बांधकामात उभं आयुष्य गेलेलं, ते म्हणाले पॉलिशचं मशिन कुठाय? मी तमिळमधे विचारलं तर तो कारागीर हसला आणि नुसती काच उचलून दाखवली. गवंडीमामा तिथनं उठायलाच तयार नाहीत, जेवण गार झालं, बाकीचे वैतागले, मिस्टर हॉर्न वाजवायला लागले. पण पुढं आम्हाला सगळ्यात जास्त गिऱ्हाईक आणून दिलं ते त्या मामांनी.

तंजावर तर सगळेच करतात. बृहदीश्वर बघितलं, फोटो काढला, गाडीत बसले. आम्ही तिथं आवारातल्या भिंतीपाशी थांबतो, जिथं तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी 1803 साली भोसले घराण्याचा इतिहास कोरून घेतलाय, मराठीत, देवनागरीत. चोळ राजानं 1010 च्या सुमाराला पुरं केलेलं देऊळ, आजूबाजूला सगळं तमिळ, आणि मधेच आपली अक्षरं. आमच्या बायका बोट फिरवत मोठ्यानं वाचायला लागतात, जुनी भाषा म्हणून अडखळतात, परत वाचतात, आणि तिथले लोक यांच्याकडं बघत उभे राहतात. (बोट भिंतीला लावायचं नाही हे आधीच सांगून ठेवावं लागतं.) तिथनं पुढं पट्टुकोट्टाईकडनं समुद्राकाठी मनोरा आहे, आठ मजली. तो पण सरफोजीराजांनीच बांधला 1814-15 मधे, इंग्रजांनी नेपोलियनला हरवलं म्हणून. इंग्रजांच्या विजयाचा मनोरा आणि बांधणारे भोसले! आमच्यातल्या एका रिटायर्ड मास्तरांना हे अजिबात पटलं नाही, ते वर चढलेच नाहीत, खाली बसून शहाळं पीत राहिले आणि रात्री जेवताना पण तोच विषय.

मग 2020 आलं. गाडी दारात. कर्जाच्या हप्त्यांना ऑगस्टपर्यंत सवलत मिळाली खरी, पण व्याज चालूच होतं, हे बँकेत गेल्यावर कळलं तेव्हा मिस्टर दोन दिवस नीट बोलले नाहीत. त्याच काळात देशभरातले गलाईवाले मात्र गावाकडं आलेले, प्रत्येक घरात कुणी ना कुणी, आणि रिकामाच. मी वही घेऊन बसायचे. तुमच्या गावाजवळ काय आहे जे तुम्ही पाहुणे आल्यावर दाखवता? एवढाच प्रश्न. देवळाचं नाव सांगितलं तर मी म्हणायचे ते राहू दे, पाहुण्यांना कुठं नेता ते सांगा. ती वहीच आमचं भांडवल, आणि ती मी कुणाला दाखवत नाही.

त्या वहीतनं ग्वाल्हेर निघालं, तिथं माझे चुलत दीर आहेत. मिरजेतनं गोवा एक्सप्रेस पकडली की थेट ग्वाल्हेर, गाडी बदलायची भानगड नाही. किल्ला, शिंद्यांच्या छत्र्या हे आहेच, आणि शिंदे मूळचे आपल्या सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडचे हे सांगितलं की लोकांची मान जरा ताठ होते. पण दीर नेतात ते मुरैना जिल्ह्यात, मितावलीच्या टेकडीवर. गोल देऊळ, आत चौसष्ट खोल्या गोलाकार, मधे मंडप. जवळच बटेश्वर, तिथं दोनशेच्या आसपास लहान देवळं पार दगडांचा ढीग होऊन पडलेली, पुरातत्त्व खात्यानं के. के. मुहम्मद यांच्या देखरेखीखाली 2005 पासून एक एक दगड जुळवून परत उभी केली. हा सगळा चंबळचा भाग, एके काळी डाकूंचा. आम्ही गेलो तेव्हा तिथं आम्ही, एक वॉचमन आणि मोर. एका काकूंनी विचारलं, एवढं लांब आलो, इथं शॉपिंग काय? मी म्हणलं काही नाही. त्या जरा नाराज होत्या पण पुढच्या टूरला त्यांचंच नाव आधी आलं.

धंद्याचं म्हणाल तर आम्ही वाढवलं नाही. एक गाडी, गाडीत बसतील तेवढी माणसं. लोकांना वाटतं गल्ला कमी म्हणून रडत असतील, तसं नाही. दुकानात नेऊन कमिशन घ्यायचं नाही हे पहिल्यापासून ठरलेलं, त्यामुळं आमचा रेट मोठ्या कंपनीपेक्षा चार पैसे जास्तच दिसतो, वर पाच टक्के जीएसटी, मग घासाघीस. ज्यांना पटतं ते येतात. रेल्वेचं रिझर्व्हेशन आधी 120 दिवस अगोदर मिळायचं, 1 नोव्हेंबर 2024 पासून ते 60 दिवसांवर आलं, आमच्यासारख्याला ते बरंच झालं, कारण शेतकरी माणूस चार महिने आधी काही सांगत नाही, त्याला ऊस कधी तुटणार तेच माहीत नसतं. एकदा एका लॉजवाल्यानं ऐनवेळी रूम नाहीत म्हणून हात वर केले. रात्रीचे दहा वाजलेले, सोबत म्हातारी माणसं. दादाच्या ओळखीनं तिथल्या मराठी मंडळाच्या हॉलमधे गाद्या पडल्या आणि पहाटे इडली आली, ती पण केळीच्या पानात बांधून. लोकांनी त्या हॉलचे फोटो बृहदीश्वरापेक्षा जास्त काढले.

आता उलटी टूर पण करतो. ही कल्पना भाच्यांमुळं आली. गलाईवाल्यांची पोरं दसऱ्याला, जत्रेला गावी येतात, विट्याची पालख्यांची शर्यत बघतात आणि मग चार दिवस मोबाईल. जन्म तिकडचा, मराठी घरापुरतं, त्यांना आपलाच मुलूख परका. त्यांना आम्ही औंधला नेतो, यमाईच्या डोंगरावरचं भवानी संग्रहालय, तिथं रविवर्म्याची मूळ चित्रं आणि हेन्री मूरचं शिल्प आहे हे आमच्या विट्यातल्या निम्म्या लोकांना माहीत नाही. साताऱ्याजवळ लिंबची बारा मोटेची विहीर, जिच्या पोटातच महाल बांधलाय. आणि मिरजेत सतारमेकर गल्ली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मधे जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, पण गल्ली तशीच आहे, दारात भोपळे टांगलेले, पंढरपूर-मंगळवेढ्याकडनं आलेले, आत लाकडाचा भुसा. माझ्या धाकट्या भाच्यानं तंजावरची वीणा होताना बघितलेली, तो थेट कारागिराला म्हणाला, काका, हे फणसाचं लाकूड का? ते म्हणाले नाही रे, तूण, पण तू कुठला? मग त्यांनी कानस थांबवली आणि अर्धा तास दोघं वीणा आणि सतार यावरच बोलत बसले, त्याला मराठी शब्द आठवेना की मी सांगायचे.

यंदा वहीतलं आसामचं पान काढलंय. गुवाहाटीला शेजारच्या गावातला एकजण आहे, तो म्हणतो माजुलीला चला, ब्रह्मपुत्रेतलं बेट, तिथल्या सामागुरी सत्रात, म्हणजे वैष्णव मठात, बांबू, कापड आणि मातीचे मुखवटे करतात. जोरहाटजवळच्या निमातीघाटावरनं फेरीनं जायचं, गाड्या पण फेरीवरच चढतात. मिस्टरांनी व्हिडिओ बघितला आणि सांगितलं, गाडी नावेवर चढवणारा ड्रायव्हर मी नव्हे. म्हणून तिकडं गुवाहाटीपर्यंत रेल्वेनं आणि पुढं लोकल गाडी, असं ठरवतोय. रेट अजून निघाला नाही, पण गवंडीमामांनी पैसे आत्ताच आणून दिलेत आणि खिडकीची सीट पाहिजे म्हणालेत.