उरलेले हप्ते ४८७

एप्रिल २०२३. मी बँकेच्या गृहकर्ज विभागात काम करते. वय वर्षं ३९ असलेले एक गृहस्थ वडिलांना घेऊन आले आणि खात्याचा उतारा माझ्यापुढे सरकवला. एका ओळीखाली पेनाने दोनदा रेघ मारली होती : उरलेले हप्ते ४८७.

"मॅडम, कर्ज वीस वर्षांचं आहे. दोन वर्षं एकही हप्ता चुकला नाही. मग अजून चाळीस वर्षं कशी?"

मलाही आधी वाटलं, सिस्टिमचा घोळ असेल. आकडेमोड करून पाहिली, तर उतारा बरोबर होता. मार्च २०२१ मध्ये त्यांनी ४० लाख घेतले तेव्हा मुद्रांक शुल्काची सवलत संपत आली होती आणि रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, ४ टक्के होता. त्यावर आमच्या बँकेचे २.८ टक्के धरून व्याज ६.८ टक्के, हप्ता ३०,५३३. मे २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने दर वाढवायला घेतले आणि फेब्रुवारीत रेपो ६.५ वर नेला. ऑक्टोबर २०१९ नंतरची अशी कर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडलेली, त्यामुळे दर वाढला की व्याज वाढतंच. हप्ता मात्र बँकेने तोच ठेवला, मुदत ताणली. आता ९.३ टक्क्यांनी महिन्याचं व्याजच २९,८२४ होत होतं. मुद्दलात जात होते सातशे रुपये. भरलेल्या सव्वासात लाखांपैकी मुद्दल जेमतेम दीड लाखाने उतरलं होतं.

मुदत वाढल्याचा एसएमएस गेला होता म्हणे. असले एसएमएस कोण वाचतं?

काका इतका वेळ गप्प होते. एसटीतून निवृत्त झालेले. "मी ९६ साली पंधरा टक्क्यांनी कर्ज काढलं होतं. पंधरा वर्षांत फिटलं. माझं काही वाढलं नाही."

त्यांचा दर ठरलेला होता, हे एक. पण मी कॅल्क्युलेटर त्यांच्यापुढे धरला. त्यांना लाखामागे महिना १,४०० रुपये पडले, मुलाला ७६३. म्हणजे तेवढ्याच हप्त्यात मुलाला जवळपास दुप्पट कर्ज मिळतं. माझं स्पष्ट मत आहे : हा फरक घेणाऱ्याच्या खिशात राहत नाही, दोन-चार वर्षांत घराच्या किमतीत मुरतो. आमच्याकडे येणारा माणूस चौरस फुटाचा भाव नंतर विचारतो, आधी हप्ता विचारतो.

"मग आता व्याज चढलं, तर भाव उतरायला नकोत का?" काकांनी बरोबर पकडलं.

नाही उतरले. घर विकणाऱ्याला घाई नसली की तो थांबतो. रेडी रेकनरपेक्षा, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेल्या भावापेक्षा, दहा टक्क्यांहून जास्त खाली व्यवहार केला तर फरकावर दोघांनाही प्राप्तिकराचा फटका बसू शकतो, म्हणून कागदावरचा भाव सहसा हलत नाही. बिल्डर फार तर पार्किंग फुकट देतो, मॉड्युलर किचन करून देतो. आणि घेणारा वीसऐवजी तीस वर्षांची मुदत मागतो. त्या महिन्यात माझ्या टेबलावर तशाच फायली जास्त होत्या.

मूळ मुदतीतच फेडायचं तर हप्ता ३६,७५० च्या पुढे जात होता. तेवढं झेपणार नव्हतं. शेवटी त्यांनी दोन लाख मुद्दलात भरले, हप्ता ३४,००० केला. मुदत सव्वाएकोणीस वर्षांवर आली. ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आलं : दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा. आमच्याकडे त्यासाठी वेगळा फॉर्म छापून आला.

जून २०२५ मध्ये रेपो ५.५ वर आला. हप्ता तसाच ठेवला असता तर त्यांची दोनेक वर्षं वाचली असती, आणि मी फोनवर तसं सांगितलंही. त्यांनी फॉर्मवर 'हप्ता कमी करणे' यावर खूण केली. गाडी बुक केली होती.