कोकरू कोवळं, मटण वातड

कोकराचं मटण म्हटलं की ते लुसलुशीतच असणार, असं आपण धरून चालतो. तरीही कधीकधी तासभर रटरटूनही तुकडा दाताखाली रबरासारखा ताणला जातो, आणि बोल लागतो तो जनावराला. ‘जून निघालं’ म्हणून आपण मोकळे होतो. खरं तर वय पुष्कळदा ठीकच असतं. मटण बिघडतं ते कापल्यानंतरच्या पहिल्या दहा-बारा तासांत.

जनावर मेलं तरी स्नायू लगेच मरत नाही. ताज्या मांडीला हात लावला तर ती गरम आणि लिबलिबीत लागते, एखादा पट्टा मध्येच थरथरतोही. रक्तपुरवठा बंद झाल्यावर स्नायू साठवणीतल्या ग्लायकोजेनवर, म्हणजे साठवलेल्या साखरेवर, गुजराण करतो. त्यातून लॅक्टिक आम्ल साचतं आणि पीएच (आम्लतेचं माप; जितकं कमी तितकं आम्ल जास्त) ७च्या आसपासहून उतरत उतरत ५.५-५.६वर येतो. शिदोरी संपली की एकमेकांवर सरकणारे तंतू जिथे असतील तिथेच अडकून बसतात, कारण सुटायलाही ऊर्जा लागते आणि ती आता उरलेली नसते. जनावराचं धड ताठरतं ते असं.

अडकणं अटळ आहे. प्रश्न एवढाच की अडकताना तंतू सैल होते की आखडलेले. इथेच थंडी घात करते. स्नायूत अजून ऊर्जा असताना, म्हणजे पीएच ६च्या वर असताना, तो १० अंश सेल्सियसच्या खाली गेला तर आतल्या कप्प्यांत जपून ठेवलेलं कॅल्शियम बाहेर झिरपतं आणि स्नायू करकचून आखडतो. लॉकर आणि हॅगयार्ड या न्यूझीलंडच्या संशोधकांनी १९६३ साली हे मोजून दाखवलं. त्यांनी गोमांसाचे पट्टे हाडावरून सोडवून घेतले होते. गोठणबिंदूच्या जवळपास ठेवलेले पट्टे आखडून जवळजवळ निम्मे झाले. १४ ते १९ अंशांत ठेवलेले सर्वांत कमी आखडले. कोकराला हा धोका जास्तच, कारण धड लहान आणि अंगावर चरबीचं पांघरूण पातळ. बैलाची जाडजूड मांडी आतून निवायला फार वेळ घेते, कोकराची पाठ मात्र शीतगृहात बघता बघता गार पडते.

म्हणून जाणकार खाटीक धड आधी १०-१५ अंशांत दहाएक तास लटकू देतात आणि मगच थंड करतात. एवढी सवड नसेल तिथे धडातून मिनिटभर विजेचे हलके झटके देतात. स्नायू आपली शिदोरी झटपट उडवतो, पीएच लवकर उतरतो आणि गारठ्याचं भय उरत नाही. लटकवण्यातही खुबी आहे. मागच्या पायाच्या शिरेऐवजी आकडा कमरेच्या हाडात अडकवला तर पाय खाली लोंबतात, पाठीचे आणि मांडीचे स्नायू ताणलेले राहतात, त्यांना आखडायला वावच मिळत नाही. मणक्याच्या आतल्या बाजूच्या फिलेला मात्र याचा उपयोग नाही. तो नेहमीच्या लटकवण्यातच छान ताणलेला असतो.

इथवरचं सगळं मटण चिवट होऊ नये म्हणून. ते मऊ होतं ते पुढे, मुरताना, म्हणजे थंडीत काही दिवस नुसतं ठेवलं असताना. कापल्यापासून साधारण २४ तासांनी मटण सर्वांत चिवट असतं. म्हणजे ‘कालचंच आहे, ताजं आहे’ हे कौतुक ऐकायला बरं, चावायला नव्हे. त्यानंतर कॅल्पेन नावाची स्नायूतलीच विकरं तंतूंचे टाके एकेक करून उसवत जातात. ० ते ४ अंशांत आठवडाभर ठेवलं की कोकराचं काम भागतं. बहुतेक उसवण पहिल्या काही दिवसांतच होते. एक गोष्ट मात्र मुरवूनही फारशी हलत नाही: तंतूंना बांधून ठेवणारं कोलॅजेन. खांदा आणि नळी मंद आचेवर, पाण्यात, दोन-अडीच तास शिजवायची ती या कोलॅजेनचं जिलेटिन व्हावं म्हणून.

घाबरलेल्या, दमलेल्या किंवा उपाशी जनावराचं ग्लायकोजेन आधीच संपलेलं असतं. मग पुरेसं आम्ल तयारच होत नाही, पीएच ६च्या वर अडकतो, मटण काळपट आणि चिकट दिसतं आणि लवकर नासतं. त्यावर मुरवणीचा इलाज नाही.

घरी सर्वांत मोठी चूक होते ती फ्रीझरची. कापून दोन तासही न झालेलं गरम मटण, तेही हाडावरून सोडवून, थेट गोठवलं की ऊर्जा आतच कोंडून राहते. बर्फ वितळताच तिला वाट मिळते आणि स्नायू त्या क्षणी आखडतो. ताटलीत लाल पाण्याचं तळं, मधोमध आकसलेले तुकडे. गोठवायचंच असेल तर ताठरपणा येऊन गेलेलं, शीतगृहात मुरलेलं मटण घ्यावं. ताजं आणलं असेल तर मांडी हाडासकट अखंड ठेवावी, म्हणजे हाडच स्नायूला ओढून धरतं; स्वयंपाकघराच्या उकाड्यात नव्हे, तर १०-१५ अंशांची जागा असेल तिथे आधी निवू द्यावी आणि मग दोन-तीन दिवस फ्रिजच्या सर्वांत थंड कप्प्यात झाकून ठेवावी. तुकडे करायचे ते शिजवायच्या दिवशी.