कुलूपबंद घराचं इंटरनेट

२४ मे

पाऊस आठवड्या-दोन आठवड्यांवर आला. कोकणातल्या घराला लाइन घ्यायची असेल तर आत्ताच. पण 'किती एमबीपीएस?', म्हणजे वेग किती, हा प्रश्न शेवटी. ३० सुद्धा पुष्कळ झाले. आधी हे ठरवावं, की दाराला कुलूप असताना आत काय चालू राहणार?

काहीच नसेल तर लाइन घेऊ नये. गणपती, शिमगा, मे महिना मिळून चाळीसेक दिवस. फोनचा हॉटस्पॉट पुरतो. रेंज मात्र ओटीवर नव्हे, माजघरात तपासावी. जांभ्याच्या जाड भिंती सिग्नल खातात.

कॅमेरा आला की हिशेब फिरतो. अखंड १ एमबीपीएस अपलोड म्हणजे दिवसाला १०.८ जीबी. रोज २ जीबीचं सिम साडेचार तासांत आटपतं. म्हणून रेकॉर्डिंग कॅमेऱ्यातल्या मेमरी कार्डावर. १२८ जीबीत बारा दिवस मावतात. चोराने कॅमेराच उचलला तर कार्डही गेलं, तेव्हा हालचालीच्या छोट्या क्लिप तेवढ्या क्लाउडवर. एवढ्याला सिमचा राउटरही चालतो.

फायबरच (काचेच्या तंतूची लाइन) हवं असेल तर केबलवाल्याला नेमकं विचारावं: फायबर थेट घरात येणार, की खांबावरच्या पेटीपर्यंतच आणि पुढे लॅन केबल? पेटीतल्या स्विचला (लाइन घराघरांत वाटणाऱ्या यंत्राला) वीज बहुधा शेजारच्या कुणाच्या तरी घरातून दिलेली असते. तिथली गेली की आपला इन्व्हर्टर नुसता शोभेला. शिवाय वीज कडाडली की तांब्याच्या लॅन केबलवरचे पोर्ट जळू शकतात. काचेच्या तंतूतून वीज येत नाही, तरी राउटरच्या अडॅप्टरमधून येऊ शकते. विजेचा झटका अडवणारा सर्ज प्रोटेक्टर हवाच.

जाहिरातीतल्या ४९९ वर १८ टक्के जीएसटी धरला की ५८९. वर्षाचे आगाऊ भरले तर महिना स्वस्त पडतो. पण जुलैत झाड पडून तार तुटली, तर बंद दिवसांची मुदत वाढवून देणार का? तोंडी 'हो' पुरत नाही, व्हॉट्सॲपवर लिहून घ्यावं.

राउटरला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस (छोटी बॅटरी) लावावा. १०,००० एमएएचचा असेल तर ८ वॅटचा राउटर साधारण चार तास निघतो. कॅमेऱ्याची सोय वेगळी.

राहिला राउटर अडकण्याचा प्रश्न. रिकाम्या घरात तो बंद-चालू करणार कोण? टायमरचा सॉकेट हा नेहमीचा उपाय यूपीएस असताना फसतो. टायमरने वीज तोडली तरी बॅटरी राउटरला जागंच ठेवते. त्यापेक्षा राउटरच्या सेटिंगमध्येच पहाटे ४ चं रीबूट लावावं. ती सोय त्यात आहे की नाही, हे बसवायला आलेला माणूस जिना उतरायच्या आत उघडून बघावं.