बर्फात निवडुंग जगतो कसा?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. आमच्या अमेरिकेतल्या, मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिसच्या घरी जानेवारीत कोणी आलं, की बुटांचा बर्फ झटकता झटकता त्यांची नजर दाराशेजारच्या वाफ्याकडे जाते. मग ठरलेला प्रश्न येतो, "अहो, हे निवडुंग आत नाही का घेत? मरतील ना!" गावाकडून आईसुद्धा फोनवर तेच विचारते. नाही घेत आत. बारा वर्षं होत आली, ते बाहेरच आहेत. 30 जानेवारी 2019 ला इथे पारा उणे 33 अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता, त्या दिवशीही बाहेरच होते.

मी माण तालुक्यातली. निवडुंग म्हटलं की मला बांधावरचा फड्या निवडुंग आठवतो. त्याची बोंडं दगडावर घासून, कुसळं काढून खायची आणि संध्याकाळपर्यंत लाल ओठ मिरवायचे. तो आपलाच असं मी कितीतरी वर्षं समजत होते. पण फड्या निवडुंगाचं मूळ अमेरिका खंडातलं, आपल्याकडे तो माणसांनी आणला. (तीनधारी, चीक येणारा आपला निवडुंग वेगळ्याच कुळातला.) म्हणजे मी काही निवडुंग इथे आणलेला नाही. मिनेसोटा नदीच्या खोऱ्यात ग्रॅनाइटचे उघडे खडक आहेत. त्यांच्या भेगांत ओपन्शिया फ्रॅजिलिस नावाचा बुटका निवडुंग आपला आपण वाढतो. बटाट्याएवढे फडे (म्हणजे त्याच्या खोडाचे पानासारखे मांसल तुकडे), आणि जरा धक्का लागला की मोडून कापडाला चिकटतात. जनावरांच्या केसांत अडकून तो पसरतो तो असाच. उत्तरेला तो थेट कॅनडातल्या पीस नदीच्या मुलखापर्यंत पोचला आहे. ऑर्टनव्हिल गावाजवळच्या खडकांवर तर एक गोल, चेंडूसारखा निवडुंगही सापडतो. तो इथे इतका दुर्मिळ आहे की त्याला राज्याचं संरक्षण आहे.

आता जगतो कसा ते. सप्टेंबरात दिवस आखूड होऊ लागले की तो पाणी घेणं कमी करतो आणि अंगातलं पाणीही हळूहळू घालवतो. फडे सुरकुततात, पातळ होतात आणि शेवटी जमिनीवर आडवे पडतात. मागे उरतो तो साखर आणि चिकट द्रव असलेला घट्ट रस, आणि तो सहजासहजी गोठत नाही. बर्फ झालाच तर तो पेशींच्या बाहेरच्या फटींत होतो. आत झाला असता तर पेशी फुटली असती. तुम्ही जानेवारीत बघता आणि "मेला" म्हणता, तो चपटा झालेला, जांभळट फडा नीट तयारी करून बसलेला असतो. टवटवीत दिसला असता तर मला काळजी वाटली असती. या तयारीला काही आठवडे लागतात, म्हणूनच घरात वाढवलेलं रोप नोव्हेंबरात बाहेर ठेवलं तर तेच जातीवंत रोप मरतं. दुकानात मिळणारे मेक्सिकोचे गोल निवडुंग तर इथे बाहेर ठेवूच नका. ही ताकद त्यांच्यात नाही.

त्याला मारते ती थंडी नव्हे, ओल. हे मी नुकसान सोसून शिकले. पहिल्या वर्षी मी सहा रोपं हिरवळीच्या कडेला, चिकणमातीत लावली. भरपूर कंपोस्ट घातलं आणि ऑक्टोबरपर्यंत प्रेमाने पाणी दिलं. एप्रिलमध्ये बर्फ गेला तेव्हा तिथे पिवळट लगदा होता. मी खूप रडले. खरा धोका मार्चमध्ये असतो. वरचा बोटभर थर वितळतो, खालची जमीन अजून दगड, मग पाण्याला जायला जागाच नसते. रोपाची मान, म्हणजे जमिनीलगतचा भाग, दिवसा पाण्यात आणि रात्री बर्फात, असे आठवडे जातात.

मग मला आमचा मुरमाड माळ आठवला. दक्षिणेकडच्या भिंतीलगत गुडघाभर उंच, उतरता वाफा केला. खाली खडी, वर जाडी वाळू आणि कच, माती जेमतेम मूठ-मूठ. रोपाच्या मानेभोवती बोटभर नुसती खडी. खत नाही. ऑगस्ट संपला की पाणी बंद. ज्या जाती कोरड्या डोंगराळ भागातल्या आहेत त्यांच्यावर उताराला काच धरते, बाजू उघड्या ठेवून, म्हणजे वारा खेळतो. बाकीच्यांवर बर्फ पडला तर मी तो झाडत नाही. भुसभुशीत बर्फाखाली वाऱ्याचा बोचरेपणा पोचत नाही. फक्त रस्त्याचा मीठ घातलेला बर्फ फावड्याने तिकडे उडू देऊ नका.

मे महिन्यात फडे पाणी पिऊन आठवडाभरात उभे राहतात, आणि जूनमध्ये फुलं येतात. मेणकागदासारख्या पिवळ्या पाकळ्या, प्रत्येक फूल बहुतेक एकाच दिवसाचं. मधल्या पुंकेसरांना काडीने हलकेच स्पर्श करा, ते सगळे मिळून आत वळतात. मधमाशी शिरली की परागात न्हाऊनच निघते. मी त्या आठवड्यात कामावरून लवकर येते.

तुम्हाला हवे असतील तर मे अखेरीस या, चार-पाच फडे काढून ठेवीन. सांडशी आणा. मोठे काटे दिसतात तरी, बारीक कुसळं हातमोज्यातूनही शिरतात. घरी नेल्यावर लगेच लावू नका. आठवडाभर सावलीत ठेवून जखम वाळू द्या, मग नुसता खडीत टेकवा. आणि त्यानंतरही आठ दिवस पाणी घालू नका.