स्वस्तातलं ग्राफिक्स कार्ड आणि लिनक्स: भावाआधी ड्रायव्हर बघा

विंडोजवाला कार्ड घेताना दोन गोष्टी बघतो: भाव किती आणि फ्रेम किती. लिनक्सवाल्याने त्याआधी तिसरी गोष्ट विचारायची असते. या चिपचा ड्रायव्हर, म्हणजे तिला सिस्टीमशी बोलायला लावणारा प्रोग्राम, कोण लिहितंय, आणि पुढे लिहीत राहणार आहे का? जुन्या बाजारात काही कार्डं हातोहात स्वस्त मिळतात त्याचं कारण पुष्कळदा हेच असतं.

पण आधी कार्डाची गरज आहे का ते बघा. स्टार्ड्यू व्हॅली, हेडीस, माइनक्राफ्ट, अधूनमधून डोटा २ एवढंच खेळायचं असेल आणि प्रोसेसर रायझन ५६००जी सारखा असेल, तर आतलंच ग्राफिक्स पुरतं. फक्त रॅमच्या दोन काड्या लावा. एकाच काडीवर मेमरीचा वेग अर्धा होतो आणि आतल्या ग्राफिक्सचं सगळं काम त्याच मेमरीवर चालतं. याउलट इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आय५ मधलं एचडी ४६०० विंडोजचे गेम चालवायला निरुपयोगी. त्याला व्हल्कनचा आधार अर्धवटच आहे.

व्हल्कन हा शब्द इथे महत्त्वाचा: गेमने कार्डाला चित्र काढायला सांगायची ती खुली भाषा, जशी विंडोजची डायरेक्टएक्स. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातलं प्रोटॉन लिनक्सवर विंडोजचा गेम चालवतं तेव्हा डायरेक्टएक्सच्या सूचना व्हल्कनमध्ये बदलल्या जातात. डायरेक्टएक्स ९ ते ११ साठी हे काम डीएक्सव्हीके करतं, १२ साठी व्हीकेडी३डी-प्रोटॉन. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या डीएक्सव्हीके २.० पासून व्हल्कन १.३ सक्तीचं झालं आणि प्रोटॉन ८ ने तेच उचललं. एनव्हीडियाच्या केपलर पिढीची कार्डं व्हल्कन १.२ वरच अडकली आहेत, कारण त्यांचा ड्रायव्हर ४७० क्रमांकाच्या आवृत्त्यांच्या शाखेत संपला. म्हणजे जीटी ७१० आणि जीटी ७३० गेमसाठी फुकट मिळाली तरी घेऊ नका. जुनं प्रोटॉन ७ निवडून काही गेम चालतात, पण तो संसार किती दिवस ओढणार?

त्याच वाटेवर आता पास्कल पिढी आहे: जीटीएक्स १०५० टीआय, १०६०, १०७०. कार्डं अजून दणकट आहेत, पण एनव्हीडियाच्या ५८० शाखेनंतरच्या ड्रायव्हरमध्ये त्यांना जागा नाही. मग कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, खुला नूव्हो ड्रायव्हर वापरू म्हणाल, तर तिथेही दार बंद. जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकेतल्या चिपांचं घड्याळ, म्हणजे कामाचा वेग, वाढवायला एनव्हीडियाची सही असलेलं फर्मवेअर (चिपच्या आत चालणारा प्रोग्राम) लागतं, आणि ते नूव्होला कधी मिळालंच नाही. त्यामुळे कार्ड चालू होतानाच्या मंद वेगावरच अडकून राहतं. एनव्हीडियाच घ्यायचं तर ट्युरिंगपासून पुढचं, म्हणजे जीटीएक्स १६५० किंवा त्यानंतरचं. तिथे एनव्हीडियाचे स्वतःचे खुले कर्नल मॉड्यूल चालतात.

एएमडीची गोष्ट उलटी आहे. २०१७ चं आरएक्स ५८० विंडोजवर म्हातारं ठरलं, पण लिनक्सवर त्याचा कर्नल ड्रायव्हर एएमडीजीपीयू आणि मेसा या खुल्या ड्रायव्हरांच्या संचामधला व्हल्कन ड्रायव्हर आरएडीव्ही दोन्ही नांदते आहेत. आरएडीव्हीवर स्टीमवाल्या व्हॉल्व्ह कंपनीने पैसे देऊन माणसं बसवली आहेत, कारण त्यांचं हातात धरून खेळायचं यंत्र स्टीम डेक याच ड्रायव्हरवर चालतं. डेकमधली चिप एएमडीच्या आरडीएनए २ पिढीची. म्हणून त्याच पिढीच्या डेस्कटॉप कार्डांना आपोआप सगळ्यात जास्त तपासलेला ड्रायव्हर मिळतो.

तेव्हा सरळ उत्तर हवं असेल तर ते त्याच पिढीचं आरएक्स ६६००. ८ जीबी मेमरी, १३२ वॅट, एकच ८ पिनची वायर, आणि १०८० पिक्सेलच्या मॉनिटरवर हौशी खेळाडूला जे लागतं ते सगळं. नवं शिल्लक असेल तर नवं घ्या, नाहीतर जुनं. चांगला ४५० वॅटचा पॉवर सप्लाय पुरतो. बजेट याहून कमी असेल तर जुनं आरएक्स ५८० ८ जीबी, पण ते १८५ वॅट खातं आणि उन्हाळ्यात खोली तापवतं. शिवाय किरणांचा हिशेब, म्हणजे रे ट्रेसिंग, सक्तीचा असलेले नवे गेम त्यावर धड चालणार नाहीत. हौशी माणसाला त्याचं फारसं दुःख नसावं.

५८० घेताना एक गोम लक्षात ठेवा. '५८० २०४८एसपी' नावाचं एक कार्ड फिरतं. त्यात २३०४ ऐवजी २०४८ शेडर (चित्राचा हिशेब करणारे बारके भाग) असतात, म्हणजे ते मुळात ५७० च. टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय ही कमांड 'उणे एनएन' जोडून चालवली की ओळीच्या शेवटी चौकटी कंसात चार-चार अक्षरांची जोडी दिसते. खऱ्या ५८० ला ती १००२:६७डीएफ असते, या तोतयाला १००२:६एफडीएफ. ५७० च्या भावात मिळत असेल तर खुशाल घ्या, ५८० च्या भावात नको.

आता ऑफिसातून निघालेल्या डेल ऑप्टिप्लेक्स किंवा एचपी एलिटडेस्कसारख्या डब्यांचं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असे डबे रांगेने मांडलेले असतात आणि पहिल्या गेमिंग पीसीचा विचार बहुतेक तिथूनच सुरू होतो. अडचण कार्डाची नसते, डब्याची असते. बारक्या डब्यात पॉवर सप्लाय २४० ते २५५ वॅटचा, त्याला ६ किंवा ८ पिनची वायरच नसते, आणि जागा फक्त अर्ध्या उंचीच्या कार्डाला. मग कोणीतरी साटाच्या, म्हणजे हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या, वायरीवरून ८ पिन काढणारा अडॅप्टर हातात ठेवतो. तो घेऊ नका. साटाच्या जोडाची १२ व्होल्टवरची मर्यादा ५४ वॅट आहे आणि ८ पिनमधून कार्ड १५० वॅटपर्यंत मागू शकतं. प्लास्टिक वितळतं ते याच हिशेबाने. पॉवर सप्लाय बदलू म्हणाल तर पुष्कळ मॉडेलांत बोर्डाचा जोडच कंपनीचा वेगळा असतो. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

अशा डब्यात बोर्डाच्या स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॅटच्या आत बसणारंच कार्ड हवं. आरएक्स ६४०० फक्त ५३ वॅटचं आहे, एका स्लॉटचं आणि अर्ध्या उंचीतही मिळतं. पण त्याला पीसीआय एक्स्प्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या रस्त्याच्या, चारच लेन आहेत. ४ जीबी मेमरी भरली की उरलेला डेटा सिस्टीमच्या रॅममध्ये जातो आणि याच चार लेनमधून ये-जा करतो. चौथ्या आवृत्तीच्या स्लॉटमध्ये ती वाट सेकंदाला साधारण ८ जीबीची, तिसऱ्या आवृत्तीत ४ ची, आणि दुसऱ्या पिढीच्या आय५ वर, म्हणजे दुसऱ्या आवृत्तीत, फक्त २ ची. गेम सुरळीत चालता चालता मधेच आचके खातो तो इथे. टेक्स्चर 'मध्यम'वर आणा, बाकी सेटिंग्ज तशाच ठेवल्या तरी फरक दिसेल. दुसरी उणीव म्हणजे यात व्हिडिओ एन्कोडरच नाही, त्यामुळे ओबीएस या प्रोग्रामने पडद्याचं रेकॉर्डिंग किंवा स्टीमचं रिमोट प्ले (गेम दुसऱ्या यंत्रावर पाठवून खेळणं) करायचं तर सगळा भार प्रोसेसरवर. जाडी दोन स्लॉटची चालत असेल तर आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं रूप जास्त भरवशाचं: ७० वॅट, वेगळी वायर नको, एन्कोडर आहे. फक्त एनव्हीडियाचा ड्रायव्हर सांभाळावा लागतो.

इंटेलचं आर्क ए३८० याच ७५ वॅटच्या गटातलं, ६ जीबी मेमरीचं. कागदावर छान, पण जुन्या डब्यात घालू नका. आर्कला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम खुली करणारी सोय) लागतो आणि इंटेल त्यासाठी स्वतःचा दहाव्या पिढीचा किंवा एएमडीचा रायझन ३००० मालिकेतला, नाहीतर त्यापुढचा, प्रोसेसर मागतं. त्याशिवाय वेग इतका पडतो की कार्ड खराब आहे असं वाटावं. नव्या बोर्डावर इंटेलचंच बी५८० मात्र विचार करण्यासारखं आहे, १२ जीबी मेमरीमुळे.

नवीन कार्डासोबत डिस्ट्रोही, म्हणजे डेबियन किंवा उबंटूसारखी लिनक्सची तयार आवृत्तीही, नवी हवी. डेबियन १२ मध्ये कर्नल ६.१ आणि मेसा २२.३ आहे. त्यावर बी५८० किंवा २०२५ चं आरएक्स ९०६० एक्सटी लावलं तर डेस्कटॉप दिसेलही, पण तो प्रोसेसरवर रंगवलेला असेल. व्हल्कनइन्फो ही कमांड 'उणे उणे समरी' जोडून चालवा. यादीत फक्त एलएलव्हीएमपाइप, म्हणजे प्रोसेसरवर रंगवणारा प्रोग्राम, दिसला तर कार्डाचा ड्रायव्हर लागलेलाच नाही. आरएक्स ६६०० ला हा प्रश्न येत नाही, डेबियन १२ वरही ते चालतं.

तरी तिथेही एक खड्डा आहे. डेबियन आधी आतल्या ग्राफिक्सवर बसवलं आणि एएमडीचं कार्ड नंतर घातलं, तर त्याचं फर्मवेअर मशीनमध्ये नसतंच, कारण इन्स्टॉलरला तेव्हा ते कार्ड दिसलं नव्हतं. पडदा काळा किंवा रिझोल्यूशन गचाळ. कार्ड बसवायच्या आधीच नॉन-फ्री-फर्मवेअर विभाग चालू करून 'फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स' हे पॅकेज टाकून ठेवा. स्टीम पॅकेज मॅनेजरमधून घेतलं असेल तर मेसाच्या व्हल्कन ड्रायव्हरचं ३२ बिट पॅकेजही हवं, नाहीतर जुने ३२ बिट गेम उघडताच बंद होतात. फ्लॅटपॅकवाल्या, म्हणजे सगळं सोबत घेऊन येणाऱ्या पेटीतल्या, स्टीमचं मेसा वेगळं, सोबतच येणारं असतं.

एनव्हीडियाच्या बाबतीत काळा पडदा बहुधा दोन कारणांनी येतो. कर्नल अपडेट झाला पण त्याचे हेडर (ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या फाइली) नव्हते, म्हणून ड्रायव्हरचं मॉड्यूल तयारच झालं नाही. किंवा सिक्युअर बूट (ओळखीची सही नसलेले मॉड्यूल अडवणारी सोय) चालू आहे आणि रीस्टार्टनंतर आलेल्या निळ्या पडद्यावर चावी नोंदवायची सोडून घाईत 'पुढे चला' दाबलं गेलं. आणि काळा पडदा आला की सगळ्यात आधी मॉनिटरची केबल बोर्डाच्या पोर्टमध्येच राहिली नाही ना ते बघा. हसू नका. केबल निवडताना एएमडीसाठी डिस्प्लेपोर्ट घ्या. एचडीएमआय २.१ चा खुला ड्रायव्हर एचडीएमआय फोरमने २०२४ मध्ये नाकारला, म्हणून ४के ला १२० हर्ट्झ हवं असेल तर एचडीएमआयच्या भरवशावर राहू नये.

जुनं कार्ड घेताना उबंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह खिशात ठेवा. बाजारात जीटीएक्स १०५० टीआय म्हणून विकली जाणारी काही कार्डं खरं तर दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या एनव्हीडियाच्याच फर्मी चिपांवर खोटा बायोस चढवलेली असतात. स्टिकर खोटं, बायोसमधलं नावही खोटं. पण पेनड्राइव्हवरून चालू केल्यावर नूव्हो चिपच्या आतल्या रजिस्टरमधून ओळख वाचतो. सुडो लावून डीमेसेज ही कर्नलचा लॉग दाखवणारी कमांड चालवा आणि नूव्होच्या ओळी बघा: खऱ्या १०५० टीआयला जीपी१०७ येतं, तोतयाला जीएफने सुरू होणारं नाव. एएमडीच्या कार्डावर सुपरपोझिशनसारखा बेंचमार्क वीस मिनिटं चालू ठेवा आणि नंतर त्याच लॉगमध्ये 'रिंग जीएफएक्स टाइमआउट' अशी ओळ आहे का शोधा. पडद्यावर ठिपके किंवा रंगीत पट्ट्या दिसल्या तर मेमरी बहुधा गेलेली आहे, चिपवरची पेस्ट बदलून ती बरी होत नाही. विकणारा वीस मिनिटं चालवू देत नसेल तर उठा आणि पुढच्या दुकानात जा.