निमाडातली दहाची नोट

नर्मदा परिक्रमेच्या सुरुवातीला हात सवयीने खिशाकडे जातो. चहा घेतला की पैसे, जेवलं की पैसे. ओंकारेश्वरला संकल्प सोडून, मैयाला उजव्या हाताला ठेवून दक्षिण तटाने चालू लागलं की ती सवय सुटते, कारण पैसे घ्यायला कुणी तयारच होत नाही.

देवउठनी, म्हणजे आपल्या कार्तिकी एकादशीनंतर परिक्रमावासी निघतात तेव्हा मध्य प्रदेशातल्या निमाड भागात कापूस वेचणी चालू असते. खरगोन जिल्ह्यातल्या एका गावात ऐन दुपारी एक माताजी आडव्या आल्या. नुकत्याच शेतातून परतलेल्या, पदराला कापसाचे तंतू चिकटलेले. "नर्मदे हर! बाबाजी, भोजन प्रसादी पाके जाओ." आम्ही हो-नाही म्हणेपर्यंत आमच्या काठ्या त्यांच्या ओसरीवर पोचल्यासुद्धा. चुलीवरची मक्याची जाड रोटी, अमाडीची भाजी, म्हणजे आपली अंबाडी, आणि वरून तेलाची धार. तिखटाने माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून त्यांनी काही न बोलता तांब्या जवळ सरकवला आणि रोटीवर गुळाचा खडा ठेवला. आमचं होईपर्यंत घरात कुणी जेवलं नाही.

उठताना सोबत्याने शंभराची नोट पुढे केली. ती त्यांनी घेतली नाही. आत गेल्या, डब्यातून दहाची नोट आणली, त्याच्या हातावर ठेवली आणि पाया पडल्या. जेवू घातल्यावर दक्षिणाही द्यायची, असा तिथे रिवाज आहे. मग आम्ही त्यांच्या लहान मुलीच्या पाया पडून तिला खाऊला पैसे दिले. कन्या म्हणजे मैयाचंच रूप, त्यामुळे त्याला मात्र कुणाची हरकत नव्हती.

हॉटेलात बिल भागवलं की मी मोकळा. भाजी खारट लागली तर परत पाठवतो, खोली पटली नाही तर बदलून मागतो. ही मोकळीक मला आवडते, आणि चोख पैसे घेऊन चोख सेवा देणाऱ्यांबद्दल आदरच आहे. पाहुण्याला ही मोकळीक नसते. ताटात येईल ते खायचं, गाव-नाव-मुलंबाळं सांगायची, जिथे आसन लावलं ती जागा सकाळी झाडून निघायचं. कुठे शिजवलेलं मिळत नाही, नुसतं सदाव्रत मिळतं: पीठ, डाळ, तांदूळ. टिक्कड आपले आपण भाजायचे. म्हणून गाडीने परिक्रमा करणारे काही लोक आश्रमात पाऊल टाकताच गरम पाणी आणि बिनसाखरेच्या चहासाठी सेवेकऱ्यावर डाफरतात, तेव्हा मला संताप येतो. दानपेटीत पाचशे टाकले म्हणून तो आपला नोकर होत नाही.

बडवानीजवळचा राजघाट सरदार सरोवराच्या फुगवट्यात गेला. २०१९ मध्ये धरण पहिल्यांदाच पूर्ण, १३८.६८ मीटरपर्यंत भरलं. काठची जुनी वाटही पाण्याखाली आहे. तिथल्या एका पुनर्वसन वसाहतीत आम्ही मुक्काम केला. घर गेलेलं, नदीकाठची जमीन गेलेली. यजमानांना खंत वेगळीच होती: जुन्या ओसरीवर मोठी पंगत बसायची, इथे चार जणांनाही अडचण. आम्हाला आत जागा देऊन ते थंडीत अंगणात झोपले.

त्यांना पैसे पाठवावेत असं नंतर मनात आलं, पण ते बिल चुकतं केल्यासारखं झालं असतं. आता दर कार्तिकात आम्ही सोबती मिळून त्याच तटावरच्या एका आश्रमाला सदाव्रतासाठी तूरडाळ आणि चहापत्ती पाठवतो.